कलेक्शनच्या स्टेजला

आमच्या मामांना कधीही विचारा, "मामा, सध्या काय चाललंय?" चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल छातीशी धरून ते सांगतात, "सध्या मी कलेक्शनच्या स्टेजला आहे." निवृत्त झाल्यापासून ते याच स्टेजला आहेत. कलेक्शन कशाचं, तर इन्स्पिरेशनचं. दुपारी जेवण झालं की बाकीची मिरज वामकुक्षी घेते, मामा इन्स्पिरेशन घेतात. दोन्ही गोष्टी आडवं पडूनच घ्यायच्या असल्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नाही. मामीला तर तो मान्यच नाही. "झोपतात तेव्हा फोन चार्जिंगला लागतो," एवढंच ती कबूल करते.

मामांची सगळी नोकरी मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात झाली. तिथं खरी कामं दोनच: माल बुक करायचा आणि आलेला माल सोडवून द्यायचा. वेळेत सोडवला नाही तर वारफेज चढतो. मामांच्या मोबाइलात जगभरातून बुक होऊन आलेल्या कल्पना तशाच पडून आहेत. नारळाच्या करवंट्यांचे दिवे, एका फळीचं बुकशेल्फ, जलरंगातला पाऊस, बाटलीतलं जहाज. सोडवायला कोणी येत नाही. त्यांच्यावर वारफेज लावायचा ठरवला तर मामांची पेन्शन पुरणार नाही.

असा माणूस तुमच्याही घरात असेलच. एखादी वहिनी असेल, जिच्या फोनमध्ये ब्लाउजच्या गळ्यांचे शंभर फोटो आहेत आणि शिंप्यासमोर उभी राहिली की जी म्हणते, "नेहमीसारखाच शिवा." एखादा भाचा असेल, ज्यानं गिटारचे इतके धडे पाहिलेत की त्याला गिटार सोडून सगळं येतं. एखादे शेजारी असतील, जे गच्चीवरच्या भाजीपाल्यावर तासभर बोलू शकतात आणि मंडईतून मेथी आणतात. पण मामा या मंडळींचे वडीलधारे शोभतील. त्यांनी या प्रकाराला शिस्त आणली आहे, वेळापत्रक आणलं आहे, आणि रेल्वेतून आल्यामुळे ते वेळापत्रक पाळायचं बंधन ठेवलेलं नाही.

दिवस पहाटे सुरू होतो तो 'रेडिओ गार्डन'नं. २०१६ साली हॉलंडमध्ये निघालेला हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: स्क्रीनवर पृथ्वीचा गोळा दिसतो, त्यावर हिरवे ठिपके असतात, ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथलं रेडिओ स्टेशन लागतं. मामा दात घासता घासता आइसलँड लावतात. बातम्या चाललेल्या असतात. एक शब्द कळत नाही, पण मामा मान डोलावत ऐकतात. "हवामान सांगतोय," ते म्हणतात. "आवाजावरून कळतं. थंडी वाढणार." मामीला सकाळी आकाशवाणी सांगलीची भक्तिगीतं लागतात. त्यामुळे स्वयंपाकघरात अभंग आणि मोरीत आइसलँड असा कार्यक्रम सहापासून चालतो. मी एकदा म्हटलं, "मामा, याचा उपयोग काय?" ते म्हणाले, "अरे, उपयोगाचं ऐकायचं तर पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं ऐकलं की. 'माल आला का हो?' त्याशिवाय दुसरं वाक्य नाही ऐकलं."

चहाबरोबर नासाचा फोटो. नासा १६ जून १९९५ पासून रोज अवकाशाचा एक फोटो, खाली खगोलशास्त्रज्ञानं लिहिलेल्या चार ओळींसकट, प्रसिद्ध करते. मामा तो रोज न चुकता आमच्या घरच्या ग्रुपवर टाकतात. बाकीचे गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' टाकतात, मामा कोसळता तारा टाकतात. ग्रुपवर त्याला नमस्काराचे हात येतात. आमच्याकडे बारशापासून तेराव्यापर्यंत तेच हात येतात. एकदा त्यांनी एका सर्पिल दीर्घिकेचा फोटो टाकला. निळसर, वळणावळणाचा, मधे उजेड. आत्यानं लगेच लिहिलं, 'रांगोळी सुंदर. कुणी काढली?' मामा त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. पण संध्याकाळी फोन आला. "तुझ्या आत्याचं एका अर्थी बरोबर आहे," ते म्हणाले. "दीर्घिकेची रांगोळी. अजून कुणी केलेली नाही. मी वेगळा बोर्ड काढलाय." बोर्ड काढला म्हणजे पिंटरेस्टवर, चित्रं साठवायला. रांगोळी अजून कुणीच काढलेली नाही, मामांनीही नाही.

पिंटरेस्टवरचे मामांचे बोर्ड हा स्वतंत्र विषय आहे. नावं अत्यंत काटेकोर. 'बाल्कनी (उन्हाळा)', 'बाल्कनी (पावसाळा)', 'बाल्कनी (उत्तरेकडची)'. मामांच्या घराला बाल्कनी नाही. जुना वाडा, पुढे ओटा, मागे परडं. 'मुलांची खोली' या बोर्डावर झोपाळे आहेत, चंद्राच्या आकाराचे दिवे आहेत. मुलगा बंगळुरूला स्वतःच्या मुलांची खोली सजवतो, ती मामांना विचारून नाही. एका बोर्डाचं नाव नुसतंच 'बघू'. तो सगळ्यांत मोठा आहे.

यूट्यूबवर 'नंतर पाहा' अशी एक यादी असते. आपण त्यात पाच-पन्नास व्हिडिओ टाकतो आणि विसरतो. ती यादी पाच हजाराला भरते, पुढे घेत नाही, हे मला मामांकडून कळलं, आणि मामांना वाचून कळलेलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. सरासरी बारा मिनिटं धरली तर पाच हजारांचे एक हजार तास. रोज तीन तास पाहिलं तर अकरा महिने. "म्हणजे अकरा महिन्यांत मोकळा होतो," ते उत्साहानं म्हणाले. "त्यानंतर प्रत्यक्ष काम." मामी पलीकडे भाजी निवडत होती. म्हणाली, "अकरा महिन्यांत तो यूट्यूबवाला काय हात बांधून बसणार आहे का?" मामांनी पेन्सिल खाली ठेवली. रेल्वेतल्या माणसाला आवक-जावक समजावून सांगावी लागत नाही.

मामांना कुणी 'टाइमपास करता' म्हटलेलं खपत नाही. त्यांच्या लेखी जगात टाइमपास नावाची गोष्ट नाही, सगळा अभ्यास आहे. 'भाडिपा' या विनोदी चॅनलचा एखादा व्हिडिओ बघून त्यांना हसता हसता ठसका लागतो, मामी पाणी घेऊन धावते, आणि ठसका थांबल्यावर मामा गंभीरपणे सांगतात, "मी संवादलेखन बघत होतो." कुस्तीचं मैदान लाइव्ह लागलं की आमच्या बाजूचा कुठलाही माणूस बघणारच, मामा बघतात ते 'मसल स्टडी' म्हणून, ड्रॉइंगसाठी. मांजरीचं पिल्लू फ्रिजवरून पडतं ते 'मूव्हमेंट'. रील्सचा मात्र त्यांना तिटकारा आहे. "तीस सेकंदांत काय कळतं? पिढी वाया गेली," असं ते म्हणतात, आणि न्हाणीघरात गेले की आतून रील्सचाच आवाज येत असतो.

आता चित्रकलेकडे येतो, कारण मामांचं पहिलं प्रेम तेच. लहानपणी त्यांच्याकडे कॅमलची रंगपेटी होती. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेला धंदा, हे मामा पेटी दाखवताना अजून सांगतात. पेटी अजून आहे, त्यातला पांढरा तेवढा संपलाय. निवृत्तीनंतर त्यांना बॉब रॉस सापडला. हा अमेरिकेतला दाढीवाला, फुगीर केसांचा चित्रकार १९८३ ते १९९४ टीव्हीवर चित्रं काढायचा. अर्ध्या तासाच्या आत कोरा कॅनव्हास, त्यावर डोंगर, तळं, झाडं, संपलं. एकूण ४०३ भाग. ते सगळे यूट्यूबवर फुकट आहेत आणि ते सगळे पाहिलेला मिरजेतला एक माणूस मला माहीत आहे. मामांना त्याच्याविषयी आदर आहे तो रंगांमुळे आहेच, पण त्याहून जास्त एका माहितीमुळे आहे: बॉब रॉसनं वीस वर्षं अमेरिकन हवाई दलात नोकरी केली होती. "सरकारी नोकरीच की," मामा म्हणतात. "आधी सर्व्हिस पूर्ण केली. मग कला." हे ते मामीकडे बघून म्हणतात.

४०३ भाग पाहून झाल्यावर मामांनी साहित्य आणलं. इथं त्यांचा हात सैल असतो. मोठे ब्रश, छोटे ब्रश, पंख्याच्या आकाराचा ब्रश, टर्पेंटाइन, इझल. मग कळलं की तैलरंग घरात वास करतात आणि मामीला वासानं डोकं धरतं. मग जलरंग. मग कागद. साधा कागद चालत नाही, तीनशे जीएसएम लागतो, शंभर टक्के सुती. तो आला, आणि मामांना इतका आवडला की त्यावर काढायचा धीर होईना. ते अधूनमधून तो बाहेर काढतात, त्यावरून तळहात फिरवतात, मला फिरवायला लावतात. "पोत बघ," म्हणतात. पोत खरंच छान आहे. पुन्हा बटरपेपरमध्ये गुंडाळून कपाटात.

दरम्यान अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमनं रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चा २०२२ साली ७१७ गिगापिक्सेलचा फोटो सगळ्यांसाठी खुला केला. ७१७ गिगापिक्सेल म्हणजे ७१ हजार ७०० कोटी ठिपके. १६४२ सालचं चित्र, भिंतीएवढं. फोटोत आत आत जाता येतं, रंगाला गेलेले तडे दिसतात, तड्यांच्या कडा दिसतात. मामा त्यात आठवडाभर हरवले होते. टॅब्लेटवर दोन बोटांनी ताणत ताणत एका शिपायाच्या डोळ्यापर्यंत पोचायचे. मामी हाक मारायची, "अहो, पोळ्या झाल्या." मामा वर न बघता, "थांब, पापणीवर आहे." मामी, "मग उतरा खाली, गार होतायत." दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेलो असताना त्यांनी शेजारच्या एका अनोळखी आजोबांनाही ती पापणी दाखवली. आजोबांची दाढ ठणकत होती. तरी त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि विचारलं, "हा कोण?" मामांनी सांगायला सुरुवात केली. आजोबांचा नंबर आला तेव्हा ते म्हणाले, "पुढच्याला पाठवा, मी हे ऐकून येतो." मामांच्या बाबतीत मला चिडता येत नाही ते अशा वेळी.

आणि चीड येते ती अशा वेळी. मिरजेला सतारमेकर गल्ली आहे. सतारी आणि तंबोरे करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथं बसलेली आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते माळ्यावर सुकतात. खाली कोणी घोडीवर दोरा सरकवून जवारी लावत बसलेलं असतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मामांच्या घरापासून चालत दहा मिनिटं. आणि मामा काय बघतात, तर इटलीतल्या क्रेमोनाचा व्हायोलिन करणारा कारागीर. तो म्हातारा कारागीर लाकडाच्या पातळ पातळ चिलप्या काढतो, एक शब्द बोलत नाही, पन्नास मिनिटं. मामांनी तो चार वेळा पाहिला. मी म्हटलं, "मामा, गल्लीत जा की. प्रत्यक्ष बघा." मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गेलो होतो रे. तिथं गेलं की ते चहा मागवतात. बोलतात. घरचं विचारतात. पॉज करता येत नाही." यावर मला काही उत्तर सुचलं नाही. पुढे ते म्हणाले, "आणि काम बघत उभं राहिलं की ते म्हणतात, 'बसा, करून बघा.' अंगावर काटा येतो."

लिंक पाठवणं हा मामांच्या धर्माचा भाग आहे. ती नुसती येत नाही, तिच्यामागून दहा मिनिटांत फोन येतो. "बघितलंस का?" तुम्ही कामात असता, म्हणता, "हो, मस्त आहे." मग परीक्षा. "मग सांग, शेवटी तो माठ फोडतो की नाही?" इथं निम्मे नातेवाईक नापास होतात. धाकटी मावशी हुशार. ती आधी शेवट बघते आणि मग फोन उचलते. माझ्या मुलीला मात्र मामाआजोबांच्या लिंका आवडतात, कारण शाळेच्या प्रोजेक्टला त्याच लागतात. 'दीपगृह' असा विषय मिळाला तर आमच्याकडून जास्तीत जास्त एक चित्र निघतं. मामा पाच मिनिटांत दीपगृहाचा जिना, दीपगृहाच्या भिंगाचं काम, दीपगृहात एकटा राहणारा माणूस आणि कागदी कपांतून दीपगृह, असं सगळं खणून पाठवतात. यादीत कुठं काय आहे हे त्यांना पाठ आहे. त्यांनी ते पाहिलेलं नसतं, पण कुठं ठेवलंय ते माहीत असतं. पार्सल ऑफिसात खोकी उघडायची कुठं असतात?

आजकाल एक बोलायची पद्धत आहे, की मोबाइलनं माणसं बिघडवली. मामांच्या बाबतीत मला हे पटत नाही, कारण मी मोबाइल यायच्या आधीचे मामा पाहिलेले आहेत. तेव्हा त्यांच्या हातात कात्री असायची. घरात 'किर्लोस्कर' यायचं, 'मनोहर' यायचं, दिवाळीत अंकांचा गठ्ठा यायचा. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला वर्षातून एकदा आयती प्रेरणा मिळते, असा मामांचा सिद्धांत होता. अंक आला की मामी आधी वाचून घ्यायची, कारण मामांच्या हातून गेल्यावर पानांना खिडक्या पडलेल्या असायच्या. महिना संपला की 'कालनिर्णय'चं पान फाडून मागची बाजू फाइलला जायची. फाइली ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली. वर खडूनं लिहिलेलं: बागकाम, शिल्प, विनोद, किरकोळ. कॅसेटही होत्या, रात्री रेडिओवर मैफल लागली की टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी धरून सगळ्यांना गप्प बसवायचे, आणि त्या कॅसेटमध्ये तंबोऱ्याच्या वर आमच्या आजीचं "अरे, गॅस बंद केला का?" स्पष्ट ऐकू येतं. मामांनी ती कॅसेट नंतर कधी ऐकली का, मला ठाऊक नाही. पण तिच्यावर तारीख, राग आणि गायकाचं नाव सुवाच्य अक्षरात आहे.

म्हणजे माणूस तोच. पूर्वी ट्रंक भरायची, आता फोन भरतो. ट्रंकेला निदान वाळवी लागायची आणि दर दहा वर्षांनी नवी सुरुवात व्हायची.

मी एकदा त्यांना सरळच विचारलं होतं, "मामा, काहीतरी करायला घ्या ना. छोटं काहीही." त्यावर त्यांनी मला यूट्यूबवरच्या पहिल्या व्हिडिओची गोष्ट सांगितली. ही गोष्ट ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात. २३ एप्रिल २००५. यूट्यूब काढणाऱ्यांपैकीच एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहतो, हत्तींच्या सोंडा लांब असतात असं काहीसं सांगतो, आणि संपतं. एकोणीस सेकंद. "एकोणीस सेकंद! आणि बघ पुढे काय झालं. सुरुवात छोटीच करायची असते."

"मग करा की."

"करणारच. पण त्याच्यापुढे हत्ती होता. माझ्यापुढे काय आहे, ते आधी ठरवतोय."

टाळेबंदीत त्यांनी एक गोष्ट मात्र खरोखर केली. २०२० साली जग पाव करत होतं, तेव्हा मामांनी आंबवणाचा 'स्टार्टर' घातला. बरणीत पीठ आणि पाणी, रोज थोडं काढायचं, रोज थोडं नवं घालायचं. वहीत नोंदी: तापमान, बुडबुडे, वास. बरणीला फडकं बांधून ती देवघराशेजारच्या कोनाड्यात, कारण तिथं ऊब असते. आठव्या दिवशी मामी कोनाडा आवरायला गेली. बरणीतलं पीठ आंबलेलं दिसलं, वाया जायच्या आत तिनं त्यात मीठ-मिरची घातली आणि घावनं टाकली. मामांनीही दोन खाल्ली. "आज काहीतरी वेगळीच चव आहे," ते म्हणाले, "हलकी झालीत." मग त्यांचं लक्ष कोनाड्याकडे गेलं. मामीकडे कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक आहे. ते उघडलेलं मी कधी पाहिलं नाही, त्यात लाइटची बिलं असतात. तिला बघायला काही लागत नाही. मामांना याचं दुःख आहे की कौतुक, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. घावनांचा फोटो मात्र त्यांनी 'बघू'मध्ये टाकला.

आणि त्याच्या दोन वर्षं आधी गल्लीच्या गणपतीचं झालं होतं. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये थर्माकोलवर बंदी आली आणि त्या वर्षी सगळ्या मंडळांची पंचाईत झाली. थर्माकोलचे महाल, थर्माकोलचे खांब, थर्माकोलचे मोर, सगळं एका फटक्यात गेलं. गल्लीतल्या पोरांना कुणीतरी सांगितलं, काकांकडे जा, त्यांच्याकडे सगळं असतं. पोरं श्रावणात आली. मामांच्या आयुष्यात एवढा मोठा ग्राहक कधी आला नव्हता. त्यांनी टॅब्लेट, फोन आणि मुलाचा जुना लॅपटॉप असं तिन्ही मांडलं. बांबूची मखरं, तागाची मखरं, साड्यांच्या निऱ्यांची, मक्याच्या टरफलांची, सुपांची, टोपल्यांची. पोरं पहिल्या दिवशी भारावली, दुसऱ्या दिवशी दमली. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष म्हणाला, "काका, एक सांगा. एकच." मामा म्हणाले, "एक सांगतो, पण आधी थीम ठरवू." थीमसाठी त्यांनी वीस लिंका पाठवल्या. पोरांनी फोन उचलणं बंद केलं.

हरतालिकेची दुपार आली तरी मांडवात फक्त बांबू आणि एक पिवळा पडदा. अध्यक्ष पुन्हा दारात. मामा म्हणाले, "थांब, दाखवतो," आणि फोन उघडायला गेले. फोन उघडेना. पडद्यावर एकच वाक्य: जागा शिल्लक नाही. मामांनी बंद केला, चालू केला. तेच. एक पोरगा फोन घेऊन स्टेशन रोडच्या दुकानात पळाला. टॅब्लेट मामीनं सकाळीच माहेरच्या पूजेसाठी बहिणीकडे दिला होता, तिकडे आरत्या लावायला. लॅपटॉपला चार्जर नव्हता. मामा ओट्यावर बसले. हातात काही नाही. असं त्यांना मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

पाच-दहा मिनिटं ते नुसते मांडवाकडे बघत बसले. मग आत गेले आणि कपाटातून कागद घेऊन आले. तीनशे जीएसएम नव्हे. तो जपून ठेवला. खाकी कागद आणला, पार्सलला लावतात तो, मोठा गुंडाळा. त्यातला एक ताव जमिनीवर पसरला आणि घड्या घालू लागले. कोर्यो मिउरा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं उपग्रहांच्या सौरपट्ट्यांसाठी काढलेली घडी. तिरक्या चौकटींची, सगळी मिटवली की हाताच्या पंजाएवढी होते आणि समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढलं की अख्खा ताव एका झटक्यात उघडतो. १९९५ साली ती अंतराळातही जाऊन आली. मामांनी तिचा व्हिडिओ कधीतरी पाहिला असणार, आणि हा त्यांनी बहुतेक शेवटपर्यंत पाहिला असणार, कारण हात थांबत नव्हता. पोरं गोळा झाली. मामांनी सगळ्यांना एकेक ताव दिला आणि पार्सल ऑफिसातला, फलाटाच्या टोकापर्यंत जाणारा आवाज लावला: "डोंगर! दरी! डोंगर! दरी! ए, तुझी दरी उलटी गेलीय, उघड!" रात्री अकरापर्यंत गल्लीत डोंगर-दरी चाललं होतं. मामीनं पोहे केले. एका पोराचा बाप शोधत आला होता, तोही बसला आणि त्याचीही दरी उलटी गेली.

पहाटे मांडवात मागच्या बाजूला खाकी कागदाची ती अख्खी भिंत उभी राहिली, मागून दोन दिवे. सकाळी प्रतिष्ठापनेच्या आरतीला अध्यक्षानं कोपऱ्याची दोरी ओढली आणि मिटवून ठेवलेली भिंत थरथरत उलगडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भटजींनीही मंत्र थांबवून बघितलं. शेजारच्या गल्लीचे कार्यकर्ते आले आणि खांबामागे काय आहे ते वाकून बघू लागले. मामा कडेला उभे होते, झोप नाही, बोटांच्या टोकांना खाकी रंग. मी म्हटलं, "मामा, झालं की! तुम्ही केलंत." ते म्हणाले, "हे ट्रायल आहे रे. नुसतं ट्रायल." पण डोळे तिथून हलत नव्हते.

फोन दुकानातून परत आलेला होता. दुकानदारानं सांगितलं होतं, काहीतरी काढून टाकावं लागेल. पोरानं काकांना विचारलं होतं आणि काकांनी निरोप दिला होता, काहीही काढायचं नाही. म्हणून फोन नुसता चालू होऊन, भरलेला तसाच परत.

"फोटो काढा ना मामा," मी म्हटलं.

त्यांनी फोन उघडला, कॅमेरा लावला, बोट ठेवलं. जागा शिल्लक नाही.

"तू काढ," ते म्हणाले, "आणि मला पाठव. मी सेव्ह करतो." मग लक्षात आलं तसं चष्मा कपाळावर चढवून ते मांडवाच्या कडेला एका खुर्चीत बसले आणि यादी खालून वर बघू लागले, एखादी गोष्ट काढून टाकता येते का. करवंट्यांचे दिवे? नको. बाटलीतलं जहाज? छे. मोदक वाटून संपले, बायका घरी गेल्या, पोरं मांडवातच आडवी झाली, तरी मामांचं काय काढायचं ते ठरलेलं नव्हतं.